डबीतलं बोट

यात माझ्या पदरचं काही नाही. राखीवहिनी, म्हणजे माझ्या मावसभावाची, विनोदची बायको, जसं सांगत गेली तसंच लिहितोय.

गाव कोंढा, पवनी तालुका. गेल्या वर्षी दिवाळीनंतर धानाची कापणी सुरू होती. राखीला सहावा महिना लागला होता.

आधीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. शेताच्या धुऱ्यावर, बांधालगतच पुरलं त्याला. त्यामुळे या खेपेला सगळे तिला जपत होते.

गावातल्या आशा सेविकेनं, रत्नमालानं बजावलं होतं, "गुडाखू बंद म्हणजे बंद. तंबाखूच आहे ते. तू घासते, ते पोटातल्या लेकरालेबी जाते. मंग ते वाढत नाही."

राखीनं सगळ्यांसमोर डबी उकिरड्यावर फेकली.

अन् दुसऱ्याच दिवशी गुपचूप नवी आणली.

लग्न झाल्यापासूनची सवय. सकाळी बोटभर हिरड्यांवर घासल्याशिवाय तिचं डोकंच चालत नसे. गोठ्यातल्या कोनाड्यात डबी दडवली. घासून झालं की उरलेली ओली, मऊ गुडाखू ती अंगठ्यानं सपाट करायची, कुणी हात लावला तर कळावं म्हणून.

चौथ्या दिवशी कळलं.

सपाट गुडाखूत एक खड्डा होता... बोटाचा.

संशय सरळ सासूवर गेला. शकुनबाईंनीच तर तिला गुडाखू शिकवली होती. म्हातारी स्वतः चोरून घासते अन् वर मला शहाणपण सांगते! त्या दिवशी राखीनं भाजी मुद्दाम तिखटजाळ केली.

डबी लोखंडी पेटीत गेली. पेटीला कुलूप, किल्ली मंगळसूत्राला.

सकाळी कुलूप जसंच्या तसं. आत डबी. डबीत पुन्हा खड्डा...

या वेळी तिनं आपली करंगळी लावून पाहिली.

करंगळी आत जाईना.

एवढं लहान बोट त्या घरात कुणाचंच नव्हतं.

तरी तिनं सासूला विचारलंच. "आई, तुमी माया डबीतली गुडाखू घेता का?"

शकुनबाई धान पाखडत होत्या. सूप थांबलं.

"म्हंजे तू अजून घासूनच राहिली?"

राखीनं मंगळसूत्रातली किल्ली मुठीत धरली.

"मी तं कवाचीच सोडली," म्हातारी म्हणाली. "त्या लेकराले मातीत ठेवलं, त्याच दिसापासून. तुले सवय मीच लावली होती, बाई."

राखीला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी तिनं गुडाखू नुसती सपाट करून ठेवली, घासली नाही. डोकं ठणकलं, पण नाही घासली.

त्याच्या दुसऱ्या सकाळी गुडाखू सपाट होती. खड्डा नाही.

मग मात्र राहवलं नाही. त्या दिवशी तिनं दोनदा घासलं.

सकाळी डबीत दोन खड्डे होते... शेजारी शेजारी.

ती घासेल तितकंच कुणीतरी घेत होतं. राखी पेटीपाशीच बसली. पोटात बाळ हललं, तशी तिला रडू फुटलं. डबी तशीच बंद केली. पुन्हा उघडली नाही.

शिमग्याच्या आधी दवाखान्यात मुलगी झाली. वजनानं कमी, पण रडली.

नर्स बाळाला पुसता पुसता थांबली. "हे काय लागलं?"

उजव्या हाताच्या बोटाचं टोक तपकिरी होतं... पुसून जाईना.

बारशाला मी गेलो होतो. वहिनीनं आत बोलावून ती डबी माझ्या हातात दिली.

"भाऊजी, तुमीच पाहा हिचं बोट लावून. मायाच्यानं होत नाही. ते बोट हिचं होतं, का धुऱ्यावरच्याचं?"

बाळ झोपलेलं. मुठी घट्ट मिटलेल्या.

मी झाकण उघडलं...

उजवी मूठ सुटली. एकच बोट ताठ पुढे आलं.

मी झाकण लावलं. येताना वैनगंगेच्या पुलावरून डबी पाण्यात टाकली. बोट लावून पाहायची माझीही छाती झाली नाही.

परवा विनोदचा फोन आला. डाग गेला म्हणाला. मुलगी छान बाळसं धरतेय.

"फक्त सकाळी उठली का बोट तोंडात घालते," तो म्हणाला. "पण चोखत नाही रे. हिरड्यायवर फिरवते."