गोडाऊनची हिरवळ

"कुणाल, तो लाल झेंडा बघ! बोअर तिथं मारणार?" हंडा खाली न ठेवताच धम्मदिना ओरडली.

तिची सकाळपासूनची सहावी खेप. म्हणे मे महिन्याची सुट्टी! वडप्याजवळच्या त्यांच्या गावात सुट्टी फक्त शाळेला होती. आईची भेंडी जगवायची, तर पाणी वाहायलाच हवं. खांदे नुसते भरून आले होते. यंदा शेतांसाठी एकच बोअर मंजूर झाली होती, उद्या खोदायची गाडी येणार होती. बोअर कोरडी गेली तर आणखी वर्षभर हेच!

आणि सर्व्हेच्या माणसानं झेंडा रोवला होता गोडाऊनच्या कुंपणाला लागून.

"सर, तिथं पाणी न्हाय," शेजारच्या कुणालनं सांगून पाहिलं.

बोअरची जागा ठरवणारे सर्व्हेवाले राकेश सर एसी लावून गाडीतच बसले होते. त्यांनी टॅबवरचा नकाशा दाखवला. "उपग्रहाचा फोटो आहे, बाळा! भर उन्हाळ्यात सगळं पिवळं, हा एवढाच तुकडा हिरवा. म्हणजे खाली पाणी!"

"पण तुम्ही तिथं जाऊन आलात?" धम्मदिनानं विचारलं.

"या उन्हात? उपग्रह जाऊन आला ना!"

दोघांनी कुंपणातून डोकावलं. आत लुसलुशीत लॉन!

"अगं, याला तर रोज दोन वाजता टँकर येतो," कुणाल कुजबुजला.

धम्मदिना दमली होती, पण डोकं दमलं नव्हतं. "जा, सरांना म्हणावं डबा खायला इथं गार सावली हाय."

सर आले, फाटकातून आत शिरून लॉनवर ऐसपैस बसले. पहिला घास तोंडात जातो न जातो, तोच टँकर आला.

"हटो साहब, घास को पानी मारना है!" टँकरवाला ओरडला.

फुर्रर्र! सर भिजले, डबा भिजला, पोळी तर पोहायलाच लागली!

"हे... हे रोज?"

"रोज! एक दिन छोड़ो तो पीली पड़ जाती है."

सरांनी टॅब पाहिला, झेंडा पाहिला, नि त्यांचा चेहरा उतरला. "मग खरं पाणी कुठंय?"

"चला. पण गाडी जात न्हाय तिथं," धम्मदिना म्हणाली.

ओहोळाच्या काठानं सर पहिल्यांदा चालले. तीन विहिरींत दोरीला दगड बांधून पाणी मोजलं. दोन कोरड्या ठणठणीत, कमळाआजीच्या विहिरीत मात्र मे महिन्यातही पुरुषभर पाणी! सरांनी नकाशा सुधारला, झेंडा तिथल्या बांधावर हलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथंच पाण्याचा फवारा उडाला!

"उपग्रहाला न्हाय दिसलं, ते आमच्या पोरांना दिसलं!" सरपंच पंढरीनाथभाऊ गरजले. राकेश सरांनी कुणालची पाठ थोपटली. "आणि धम्मदिना कुठंय?"

बांधावर बसलेल्या आईनं ओठांवर बोट ठेवलं. मांडीवर डोकं ठेवून लेक गाढ झोपली होती.

"हळू बोला, भाऊ. शाबासकी उठल्यावर द्या."