श्रीहरी पुसला जात नाही

नागपूरच्या गाडीला अजून अडीच तास होते. बापूरावांच्या ऑफिसातलं मशीन अर्ध्या तासात उरकेल, मग घरी जाऊन पिशवी उचलायची आणि स्टँड गाठायचा, असं ठरवून बशीर दुपारी दोनला घरातून निघाला.

वडशात बशीर वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करत होता. जुनं मशीन पाहिलं की बाकीचे दुकानदार तोंड वाकडं करून नवं घ्या म्हणत. बशीरला तसं म्हणवत नसे, म्हणून गावातली सगळी खोडं त्याच्याच गळ्यात पडत. गेले अकरा दिवस मात्र त्याचं दुकान बंद होतं. त्याची बायको जैनब नागपूरच्या दवाखान्यात होती. छातीत पाणी झालं होतं. मुलगी अरीबा उशाशी बसून होती. बशीर एका दिवसासाठी कपडे आणि जुने रिपोर्ट न्यायला आला होता. सुट्टी कधी द्यायची ते डॉक्टर आज सांगणार होते. अकरा रात्री बाकावर काढलेला माणूस तो. चालताना आपले पाय दुसऱ्याचेच आहेत असं त्याला वाटत होतं.

पण बापूरावांना नाही म्हणायची सोय नव्हती. त्या पहाटे जैनबला श्वास घेता येईना, तेव्हा नाटक आटपून परतणारी आपली गाडी त्यांनीच बशीरच्या दारात उभी केली, दमल्याभागल्या नटांना खाली उतरवलं आणि तिला थेट नागपूरला पोचवलं. आणि खरं सांगायचं तर हे मशीन बिघडवून ठेवणारा बशीर स्वतःच होता.

बापूरावांची नाटक कंपनी झाडीपट्टीतली, नागपूरच्या पूर्वेकडच्या धानाच्या मुलखातली. दिवाळी झाली, धान कापून झालं, की रोज नवं गाव आणि पुष्कळदा रोज नवं नाटक. इतकं पाठांतर कोणाचं होणार? म्हणून सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. स्टेजपुढच्या खड्ड्यात, ऑर्गनच्या बाजूला बसून तो दबक्या आवाजात ओळ सांगतो. नट ती उचलतो आणि रडतो, हसतो, तलवार उपसतो. प्रॉम्प्टर कायम एक ओळ पुढं असतो. या कंपनीचा प्रॉम्प्टर श्रीहरी. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून चघळून त्याचं तोंड उघडेनासं झालं, पाच-पाच तास बोलणं जमेना, तेव्हा सगळी नाटकं त्यानं हळूहळू या मशीनवर बोलून ठेवली. मग खड्ड्यात श्रीहरीऐवजी मशीन बसू लागलं.

पण खेड्यात लाइट जाते. लाइट आली की मशीन चालू व्हायचं आणि माऊस धरणारं कोणी नसायचं. म्हणून श्रीहरी बशीरकडे आला होता.

"बशीरभाऊ, असं करा का मशीन सुरू झालं का मी सुरू. कोणी हात नाई लावला पायजे. अना कोणी मले हटवतो म्हणन, तं हटवता नाई आलं पायजे."

बशीरनं तसंच केलं. तीन वेगवेगळ्या जागी लिहून ठेवलं, की चालू होताच हे सुरू करायचं. वर एक बारकी फाइल राखणदार म्हणून बसवली: कोणी तिन्हींतली एखादी जागा पुसली, की ती परत लिहायची. त्या दिवशी श्रीहरी खूश होता. निघताना आपल्या धंद्याची गोष्ट त्यानं सांगितली होती.

"पयल्यांदा ओळ हळू द्याची. नट मुकाच राह्यला तं दुसऱ्यांदा जराशी मोठ्यानं. तरी नाई बोलला, तं तिसऱ्यांदा मीच बोलून टाकतो, त्याच्याच आवाजात. पब्लिकले समजत नाई. नाटक थांबलं नाई पायजे."

त्याच वर्षी पोळ्याला श्रीहरी वारला. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

ऑफिस स्टेशनच्या मागं. भिंतींना पोस्टरं, कोपऱ्यात पत्र्याच्या पेट्या, आणि रंगाचा, घामाचा, जुन्या मखमलीचा कोंदट वास. खिडकीमागं राइस मिलची धडधड चालू होती आणि सगळीकडं कोंड्याची धूळ. कंपनीची नायिका करिष्मा रात्रीच्या कुरखेड्याच्या प्रयोगासाठी शालूला टाके घालत बसली होती.

"निस्तं सुरू होते म्हणून नाई बलावलं तुमाले," बापूराव दार लोटून घेत म्हणाले. "श्रीहरी गेला, मंग दोन साल मशीन पेटीतच होतं. या सीझनले काढलं, तं तो सुरू झाला. अना जे बोलते ते... आपल्या कोणत्याच नाटकातलं नाई."

"म्हणजे?"

बापूरावांनी करिष्माकडे पाहिलं. तिनं सुई थांबवली.

"मी इथी एकटी होती, भाऊ. मशीन लावलं. श्रीहरीभाऊ बोलले, 'अगं माय, रक्त.' मले वाटलं जुनं नाटक असन. थोड्या वेळानं ही सुई अंगठ्यात गेली अना माह्याच तोंडातून तेच निघालं. तसंच्या तसं."

"अना आदेश," बापूराव म्हणाले. आदेश म्हणजे कंपनीचा नायक. "त्यानं ऐकलं, 'पाय... माह्या पाय.' हासला तो. त्याच रात्री स्टेजच्या पायरीवरून पडला. आता पलस्तर घालून घरी पडून आहे."

बशीरनं मान डोलावली, जशी गिऱ्हाइकापुढं डोलवायची तशी. नट मंडळी, रात्रीची जागरणं, बसला असेल मनात धसका. मशीन चालू करून काम उरकायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं बटण दाबलं.

पंखा घरघरला, पडदा उजळला. मग छोट्या स्पीकरमधून खरखर आली, आणि तो आवाज. दबका, सपाट, ओठांतल्या ओठांत. माणूस किती चांगला होता, हेच बशीरला आधी आठवलं.

"च्या नको... पाणी द्या."

मग आवाज बंद झाला. बशीर यादी उघडून बसला. सुरू होणाऱ्या गोष्टींच्या यादीत श्रीहरीच्या नावापुढं खूण होती, ती त्यानं काढली. बाकी दोन जागाही पुसल्या. मशीन बंद करून पुन्हा लावलं, तर खूण जागच्या जागी. त्यानं पुन्हा पुसली, ती पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. राखणदाराला आधी काढायला हवं होतं! आपणच बसवलेला राखणदार आपणच विसरलो. अकरा दिवसांत डोक्याचा पार भुसा झाला होता.

"काऊन भाऊ, नाई जमून राह्यलं?" करिष्मानं विचारलं. "च्या मांडू का?"

"च्या नको, पाणी द्या," बशीर म्हणाला.

करिष्मा जागेवरून उठली नाही. तिनं बापूरावांकडे पाहिलं. बापूराव भिंतीकडे पाहू लागले. बशीरला ते समजायला दोन क्षण लागले, आणि समजल्यावर त्यानं चटकन विषय बदलावा तसा माऊस हातात घेतला.

"दुपारी च्या मी घेतच नसतो," तो म्हणाला.

त्यानं राखणदार शोधून काढला, पुसला. मग तिन्ही जागा एकेक करून पुसल्या, दोनदा तपासल्या. श्रीहरीच्या आवाजाच्या फाइली होत्या त्याही त्यानं काढून टाकल्या. ते करताना त्याला वाईट वाटलं. मेलेल्या माणसाचा आवाज पुसायचं काम कोणाच्या वाट्याला येऊ नये. आता बोलायला मशीनमध्ये काही उरलंच नव्हतं. पडद्यावर सव्वातीन वाजले होते. त्यानं मशीन पुन्हा लावलं.

पडदा उजळला. यादी कोरी होती. बापूरावांनी श्वास सोडला.

मग खरखर आली.

"कितने बजे, बेटा?"

बापूराव दारापर्यंत मागं सरकले. "हे कोणासाठी?" ते पुटपुटले. "श्रीहरीले तं हिंदी येतच नव्हतं..."

बाहेर बशीर झाडीपट्टीचं बोलायचा; घरात मात्र जैनबशी आणि अरीबाशी त्याची बोली ही. बेटा म्हणायला त्याला जगात एकच माणूस होतं.

सुट्टी. सुट्टी कितने बजे, असंच आपण विचारणार, त्यानं स्वतःला बजावलं. डॉक्टर आज सांगणार आहेत. अरीबा फोन करेल, अम्मीला सोडतायत म्हणेल, मग बाप दुसरं काय विचारणार? पण तेवढे तीन शब्द आणखी कशासाठी विचारतात, तेही त्याला ठाऊक होतं. वडील गेले तेव्हा त्यानं भावाला 'कितने बजे' हेच विचारलं होतं.

पुढची ओळ कळली असती तर सगळं कळलं असतं. प्रॉम्प्टर एक ओळ पुढं असतो ना? बशीरनं मशीन बंद करून लावलं. खरखर नाही, आवाज नाही. पुन्हा लावलं. दुपारभर ज्याला हाकलत होता त्यालाच आता तो मनात विनवत होता, बोल रे श्रीहरी, एकच ओळ बोल. मशीन मुकाट होतं. यादी धुतलेल्या पाटीसारखी कोरी. असं चोख काम त्याच्या हातून आजवर झालं नसेल.

"झालं वाटते," बापूराव हळूच म्हणाले. "बंद करून टाका, बशीरभाऊ. तुमी जा आता. गाडी चुकन."

बशीरनं मशीन बंद केलं. भिंतीवरचं बटण पाडलं. स्पीकरची वायर उपसून टेबलावर ठेवली. घरून पिशवी घ्यायची होती. तो उठला, आणि खिशातला फोन वाजला.

अरीबा.

करिष्मानं शालू छातीशी धरला. फोन वाजत राहिला. शेवटी बशीरनं तो कानाला लावला.

"अब्बा..."

एवढंच म्हणून ती थांबली. मागं कोणीतरी खाट सरकवत होतं. कोणीतरी बाई काही म्हणत होती. अरीबा रडत नव्हती, नुसती श्वास घेत होती. लहानपणी पडली की अशीच आधी श्वास धरायची.

बशीरच्या जिभेवर ते तीन शब्द येऊन बसले होते. त्यानं दात आवळले. नाही विचारायचं. मी ओळ उचललीच नाही तर पुढचं घडणार कसं? नाटक इथंच थांबू दे. अकरा रात्री बाकावर बसून त्यानं अल्लाहकडे एवढंच मागितलं होतं. तो उभा राहिला, घाम फुटेपर्यंत, मुका.

टेबलावर पडलेल्या स्पीकरमधून, वायर नसलेल्या, खरखर आली.

"कितने बजे, बेटा?" या वेळी जरा मोठ्यानं.

करिष्मा तोंडावर हात दाबून भिंतीला टेकली. बशीरनं डोळे मिटले. त्यानं मोकळा हात तोंडावर घट्ट दाबला, बोटं गालांत रुतली. बापूराव पुढं झाले, त्याचा खांदा धरला.

मग खोलीत काही ऐकू आलं नाही. स्पीकर गप होता. मिलची धडधडही थांबली होती. बशीर वाट पाहत राहिला. त्याला वाटलं, थांबलं.

फोनमध्ये अरीबाचा बांध फुटला.

"सव्वा तीन बजे, अब्बा," ती हुंदक्यांतून म्हणाली. "अभी तो पूछा आपने, और क्या बताऊँ... सव्वा तीन बजे गई अम्मी."

बापूरावांनी बशीरकडे पाहिलं. त्याचा हात अजून तोंडावर तसाच दाबलेला होता.