खिडकीजवळच्या यंत्राची स्प्रिंग

अपेक्षाचा फोन आला तेव्हा मेहरुन्निसा छावणीतल्या घरी एकटीच नाश्त्याला बसली होती.

"आपा, लगेच या! स्प्रिंग तुटली. युसराच्या भुवईवर बसली, डोळा थोडक्यात वाचला!"

मेहरुन्निसा पोलिसातून फौजदार म्हणून रिटायर झालेली. नवरा गेलेला, मुलगा दुबईत. पाठ धरते म्हणून समर्थनगरात अपेक्षाच्या पिलाटेस व्यायामाच्या स्टुडिओत जायची. पाठीचं निम्मं निमित्तच म्हणा. 'आलात का आपा' असं कुणीतरी म्हणतं, त्यासाठी जायची. पण हे तिच्या तोंडून वदवून घ्या बरं! शक्यच नाही.

स्टुडिओ पहिल्या मजल्यावर. तिथं रिफॉर्मर नावाची यंत्रं आहेत. लाकडी चौकटीत सरकती गादी, गादीला स्प्रिंगा, त्यांच्या ताणाविरुद्ध पायांनी ढकलायचं. खिडकीजवळच्या यंत्राची एक स्प्रिंग मधोमध तुटली होती. युसरा, कॉलेजातली मुलगी, टाके घालून परत येऊन बसली होती. समोर इंद्रजीत उभा. यंत्रांची देखभाल तोच करायचा, चितेगावहून येऊन.

"मागच्या आठवड्यात यानं सगळ्या स्प्रिंगा बदलल्या," अपेक्षा कडाडली. "आणि ही बघा, जुनी! नवी सांगून जुनी बसवली. ट्रेनरांच्या ग्रुपवर टाकतेच आता. शहरात एक स्टुडिओ याला दारात उभं करणार नाही."

"मॅडम, पोटावर पाय देऊ नका. म्या नवीच बसवली व्हती."

"थांब गं," मेहरुन्निसा म्हणाली. "मेसेज काय पळून चाललाय? इंद्रजीत, ही जुनी कशावरून?"

"वेटोळ्यात फटी पडल्यात बघा. नव्या स्प्रिंगचं वेटोळं एकमेकाला चिकटून असतंय."

"काढलेल्या जुन्या कुठंयत?"

"त्या खोक्यात. भंगारात द्यायच्या आधी तोडायला पायजे व्हत्या. तेवढं राहिलं, ती चूक माझी."

खोकं उघडलं. जुन्या स्प्रिंगांवर एक नवी कोरी, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवलेली. पेपर कालचा, रविवारचा.

"स्टुडिओत पेपर येतो?"

"नाही. आणि रविवारी बंद असतो," अपेक्षा म्हणाली.

"इंद्रजीत, काल कुठं होतास?"

"गावात. बहिणीचा साखरपुडा व्हता. अख्खं चितेगाव जेवलंय."

दाराचं कुलूप शाबूत होतं.

"किल्ल्या किती?"

"एक माझ्याकडं. दुसरी सुलेखाताईंकडं असायची. त्या गेल्यावर सापडलीच नाही."

सुलेखाताईंनीच हा स्टुडिओ काढला होता, अपेक्षाला शिकवलंही त्यांनीच. खिडकीजवळचं यंत्र त्यांचं. घर त्यांचंच. त्यांचे यजमान बद्रीनाथ आता खाली एकटे राहतात.

"युसरा बेटा, तुटायच्या आधी काही वेगळं वाटलं?"

"करकरत होतं, आपा. गेला आठवडा कशी शांत झाली होती सगळी मशीनं! मी अपेक्षाताईंना म्हटलं पण." ती थांबली. "आणि खालचे काका ओट्यावर नव्हते. रोज चहा घेऊन बसलेले असतात, मला चिडवतात, 'काय युसरा, अजून उंची वाढली नाय का?' आज खुर्ची पण नव्हती."

मेहरुन्निसा तडक वळली. जिना उतरली. बाकीचे मागोमाग.

बद्रीनाथांनी दार उघडलं. युसराची पट्टी बघून त्यांचा चेहरा पडला.

"भाऊ, सकाळी कुठं होता?"

"आत. चहा घेत होतो."

"रोज ओट्यावर घेता. आज आत का?"

"असंच."

ओट्यावरची वेताची खुर्ची आतल्या खोलीत होती, वरच्या खिडकीजवळच्या यंत्राच्या बरोबर खाली.

"मी सांगते," मेहरुन्निसा म्हणाली. आवाज मात्र फौजदाराचा नव्हता. "चोर असता तर नवी स्प्रिंग घेऊन गेला असता. हिला पेपरात गुंडाळून जपलंय. कुलूप फोडलं नाही, म्हणजे हरवलेली किल्ली हरवलीच नव्हती. इतकी यंत्रं, पण बदललं एकच, सुलेखाताईंचं. आठवडाभर आवाज नव्हता, आज सकाळी परत आला. आणि आजच एक माणूस खुर्ची उचलून आत येऊन बसला. भाऊ, करकर ऐकू येणार हे तुम्हाला आधीच कसं माहीत होतं?"

बद्रीनाथ मटकन् खुर्चीत बसले.

"बॅचच्या आधी ती एकटीच करायची. त्याच यंत्रावर," ते म्हणाले. "करकर थांबली की मी चहा ठेवायचो. ती जिना उतरेपर्यंत उकळायचा. ती गेल्यावर अपेक्षाच्या मुलींची करकर ऐकून चहा ठेवत राहिलो. दोन कप. एक ओतून द्यायचो." त्यांनी डोळे पुसले. "मग या पोरानं स्प्रिंगा बदलल्या. घर एकदम मुकं झालं हो. चहा कधी ठेवायचा तेच कळेना. वाटलं, एकच जुनी लावू. हुकात अडकवायला तिनंच शिकवलं होतं. तुटेल असं वाटलं नाही. पोरी, तुझा डोळा गेला असता गं!"

युसराच रडायला लागली.

अपेक्षानं इंद्रजीतकडं बघितलं. "चुकले मी," ती म्हणाली.

"ठीक हाय, मॅडम," इंद्रजीत म्हणाला, पण त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. वर जाऊन त्यानं खोक्यातल्या सगळ्या जुन्या स्प्रिंगा कटरनं तोडल्या. बद्रीनाथ किल्ली परत द्यायला वर आले होते. शेवटचा तुकडा पडेपर्यंत उभे राहिले.

घरी परतताना मेहरुन्निसाला आपलंच दार आठवलं. आत तरी कोण आवाज करणार होतं?

दुसऱ्या दिवशी तिची बॅच संपली. नव्या स्प्रिंगवर खिडकीजवळची गादी बिनआवाज थांबली. तिनं जिन्यात येऊन हातातल्या घराच्या किल्लीनं लोखंडी कठडा खणाखणा वाजवला.

"बद्रीनाथभाऊ! उतरतेय. साखर कमी!"

खाली खुर्ची सरकली. मग गॅस पेटल्याचा आवाज आला.