डावी बाही

युद्धस्मारकासमोर मान लववून ती संग्रहालयात शिरली, तेव्हा थंडीने तिचे दात वाजत होते. बस तासाभरात निघणार होती. आणि इथला तरुण गाईड शौर्याच्या गोष्टी सांगायच्या सोडून तिच्या मनगटाकडे टक लावून बघत होता!

"काही हरवलंय का तुमचं?" तिने फटकारलं.

"नाही... तुमच्या स्वेटरची डावी बाही लांब आहे."

"आत्याने विणलाय. तिची डावी बाही कायम लांबच होते. घरात सगळे हसतात, पण घालतात मुकाट्याने!"

तो हसला नाही. "जरा या माझ्याबरोबर," एवढंच म्हणाला.

शेवटच्या खोलीत, काचेच्या कपाटात एक निळा स्वेटर होता. युद्धातून परत न आलेल्या जवानाचा. डावी बाही उजवीपेक्षा लांब.

तिने खालच्या पाटीवरचं नाव वाचलं. तोच! आत्याचं लग्न याच्याशीच ठरलं होतं. तिने त्याला स्वेटर पाठवला, मग युद्ध सुरू झालं, पत्रं थांबली आणि शेवटी आली ती तारच. स्वेटर त्याला मिळाला की नाही, हा एकच प्रश्न आत्याने जन्मभर उराशी धरला होता. निदान त्याचं नाव तरी बघून यावं, म्हणून भाचीने आज वाट वाकडी केली होती.

"त्याने... घातला होता का हो हा?"

"बाहीच्या टोकाचा पट्टा बघा," तो हळूच म्हणाला. "तेवढाच गडद निळा राहिलाय, बाकी सगळा उन्हाने विटलाय. रोज आत दुमडून घातल्याशिवाय असं होत नाही."

तिने तिथूनच फोन लावला. "आत्या, त्याने घातला होता गं! रोज!"

पलीकडून लगेच प्रश्न आला, "बाही लांब झाली असेल ना?"

"दुमडून घालायचा."

आत्या रडली, आणि रडता रडता हसली. "शहाणा! आणि हे तुला सांगितलं कोणी?"

"इथल्या गाईडने."

"थंडीत उभा असेल बिचारा. माप घेऊन ये त्याचं."

टेप कुठली असायला? तिने वितीनेच त्याचा हात मोजला, खांद्यापासून मनगटापर्यंत... आणि मनगटाशी बोटं उगाच रेंगाळली. बाहेर बसने हॉर्न दिला.

"पोस्टाने पाठवू?"

"नको. पोचला की नाही, तुम्हाला कसं कळणार? स्वतःच घेऊन या."

"आणि डावी बाही?"

"लांबच राहू द्या. दुमडून द्यायला... तुम्ही असालच ना?"

तिने आपल्या लांब बाहीआड हसू लपवलं. बस मात्र चुकली.