मागच्या काचेतली पट्टी

"ए! थांब! हात काढ तिथून आधी!"

त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. बायकांना पहिल्या भेटीतलं काय काय आठवत असतं... नजर, हसू, हातातली फुलं. मला करवत आठवते.

एप्रिल चौसष्ट. सेंट लुईसच्या कॉर्व्हेट मोटारींच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून मी घरी निघाले होते. पाऊस भुरभुरत होता, दुसरी बस चुकली होती, म्हणून ग्रॅव्हॉय रस्त्यानं चालतच निघाले. एका गॅरेजचं दार सताड उघडं होतं. आत एक लाल कॉर्व्हेट उभी होती, त्रेसष्टची. आणि तिच्या पाठीवर ओणवा होऊन एक उंच पोरगा मागच्या दोन काचांमधली पट्टी कापत होता. शांतपणे. पाव कापावा तशी.

आता ही पट्टी म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का पेटले ते कळायचं नाही. त्रेसष्टच्या कॉर्व्हेटला मागे एक काच नव्हती, दोन होत्या. एक डावी, एक उजवी. मधून छपराचीच एक निमुळती पट्टी खाली उतरत जायची, नाकापासून शेपटीपर्यंत एकच रेघ. त्या दोन काचांभोवती रबर बसवायचं काम वर्षभर माझं होतं. माझी बोटं बारीक, कोपऱ्यात जायची. मग चौसष्टच्या गाडीला एकच सबंध काच आली, पट्टी गेली, आणि मला दारांच्या रबरावर ढकललं. विचारलंसुद्धा नाही कुणी! तेवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, आता त्रेसष्टच्या मालकांना आपली गाडी जुनी वाटायला लागली होती. पट्टी कापायची आणि एकच काच बसवून घ्यायची, अशी टूम निघाली होती. चांगली गाडी बिघडवायला लोक गॅरेजमध्ये रांगा लावत होते!

"अहो बाई," तो पोरगा करवत खाली ठेवत म्हणाला, "गाडी तुमची आहे का?"

"नाही."

"तुमच्या वडिलांची? भावाची? नवऱ्याची?"

"नवरा नाहीये मला."

"बरं झालं सांगितलंत." आणि हसला! भुवयांवर, पापण्यांवर पांढरी धूळ... आणि त्यातून हसतोय.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "हसताय काय? ती रबरं मी बसवलीत! ह्या हातांनी! आणि तुम्ही ती उचकटून कचऱ्यात टाकताय?"

"एका डेंटिस्टची गाडी आहे ही. त्यांना मागचं दिसत नाही म्हणे."

"डेंटिस्टला मागचं काय बघायचंय? पेशंट पाठीस लागतात का?"

तो पोट धरून हसला, आणि हसता हसता त्यानं दंड खाजवला. मग मान, मग मनगट. ह्या गाडीचं अंग पत्र्याचं नसतं, फायबरग्लासचं असतं; त्याची धूळ ती. काचेच्या कुसळांसारखी कातडीत शिरते.

"खाजवू नका, आणखी आत जाईल," मी करवादले. "आणि गरम पाण्यानं धुवायचं नाही. गार पाणी. एवढंही माहीत नाही आणि करवत घेऊन बसलेत!" बाकावर कागदी चिकटपट्टीचं रीळ होतं. मी हातभर पट्टी फाडली, त्याचा हात ओढून घेतला, मनगटापासून कोपरापर्यंत चिकटवली आणि टर्रकन ओढली.

"आई गं!"

"ओरडू नका. कुसळं निघतात अशानं."

दुसरी पट्टी लावली. तिसरी. त्याच्या हातावरचे सोनेरी केस, रेझिनचा उग्र वास, पत्र्यावर पावसाची टिपटिप... आणि माझ्या एकदम लक्षात आलं, की मी एका परक्या पुरुषाचा हात धरून बसलेय. मी तो टाकून दिला.

"ऑगी," तो हळूच म्हणाला. "ऑगी बेर्तेली. गॅरेज रेमोमामाचं आहे."

"अर्लीन व्होग्ट. आणि माझा राग गेलेला नाही."

"नको जाऊ दे," तो म्हणाला. "उद्या पाठीला खाज सुटली तर पट्टी कोण ओढणार?"

मी तरातरा निघाले. दाराशी पोचते तो मागून त्याचा आवाज आला. "अर्लीन, ऐक तरी. कोपऱ्यातली ती रुपेरी बघ. माझी आहे. पुढचा नंबर तिचा."

मी वळले. कोपऱ्यात एक त्रेसष्टची रुपेरी कॉर्व्हेट उभी होती, तशीच दोन काचांची. अपघातात चुराडा झालेली त्यानं भंगारातून उचलली होती आणि वर्षभर रात्रंदिवस खपून उभी केली होती. तिची पट्टी अजून शाबूत होती.

"तिला हात लावलास," मी म्हणाले, "तर बघ!"

त्या रुपेरीसाठी मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही. तो म्हणायचा की मी चिकटपट्टीसाठी येते. म्हणू दे. आम्ही आइस्क्रीमसारखं ते फ्रोझन कस्टर्ड खायला जायचो आणि रस्ताभर भांडायचो.

"त्रेपन्नमध्ये पहिली कॉर्व्हेट निघाली तेव्हा काय होतं तिच्यात?" मी म्हणायचे. "सहा सिलिंडरचं इंजिन, तेही रोजच्या घरगुती गाडीतलं. गिअर दोन, तेही आपोआप पडणारे. लोक हसायचे, स्पोर्ट्स कार म्हणे! नुसतं रूप होतं, दम नव्हता. तरी तगली ती. कशावर तगली? रूपावर!"

"पंचावन्नला आठ सिलिंडरचं इंजिन आलं म्हणून तगली," तो म्हणायचा. "नाहीतर केव्हाच गुंडाळली असती. आणि सत्तावन्नपासून इंजिनात पेट्रोलचं इंजेक्शन. माझ्या गाडीत तीनशे साठ घोड्यांची ताकद आहे, अर्लीन. मागची दोन्ही चाकं आता आपापली वरखाली होतात, वळणावर चिकटून बसते. सगळं आहे. फक्त त्या तुझ्या पट्टीमागून कोण येतंय ते दिसत नाही."

कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, की ह्याच पट्टीवरून वरची माणसंही भांडली होती. रूप आखणारा म्हणाला, पट्टी राहील, नाहीतर गाडीचं सगळंच गेलं. इंजिनवाला म्हणाला, चालवणाऱ्याला मागचं दिसायला नको का? एक वर्ष रूपवाला जिंकला, दुसऱ्या वर्षी इंजिनवाला. आणि आता तेच भांडण आम्ही कस्टर्ड वितळेपर्यंत भांडत होतो.

मग त्यानं मला खरं कारण सांगितलं. जूनच्या दुसऱ्या रविवारी शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. हार्कनेस नावाचे एक गाड्यांचे व्यापारी तिथे येणार होते. त्यांना पुढच्या हंगामासाठी आपल्या गाडीवर ड्रायव्हर हवा होता आणि त्यांची नजर ऑगीवर होती. जिंकला तर जागा त्याची. गॅरेज सुटलं, धूळ सुटली, गावोगावच्या शर्यती. सोळाव्या वर्षापासून त्याला हेच हवं होतं.

"शर्यतीत मागचं दिसावंच लागतं, अर्लीन. शनिवारी कापतो."

"काप ना! माझ्या वर्षभराच्या कामाची किंमत एक करवत! कारखान्यानं माझं काम पुसलं, आता तूही पूस. आणि कापलीस तर मला तोंड दाखवू नकोस."

"गाडी माझी आहे!"

"आणि तोंड माझं आहे! नाही दाखवायचं मला!"

कस्टर्डचा कप मी त्याच्या हातात कोंबला आणि बसमध्ये चढले. तीन आठवडे मी त्याच्याकडे फिरकले नाही. त्याचा फोन आला की आईकरवी सांगायचं, मी घरात नाही. ती म्हणायची, "अगं, एवढासा तुकडा गाडीचा! त्यापायी चांगला मुलगा घालवशील." एवढासा तुकडा! मी ताट सरकवून उठायचे. रात्री मात्र... नाही, ते जाऊ दे. रडले एवढंच.

शर्यतीला मी गेले ती बघायला नव्हे, ओरडायला गेले. कापलेली गाडी डोळ्यांनी बघायची, चारचौघांत त्याला दोन शब्द सुनवायचे आणि परत यायचं, असं ठरवून. ऊन रणरणत होतं. कुंपणाला चिकटून उभी राहिले. रुपेरी गाडी आली, वळली, तिची पाठ माझ्याकडे झाली.

दोन काचा. मध्ये पट्टी. जशीच्या तशी.

इतके दिवस साठवलेला राग! आता तो कुणावर काढायचा?

वीस फेऱ्या होत्या. एकोणिसाव्या फेरीपर्यंत ऑगी पहिला होता. मागे एक निळी कोब्रा गाडी होती, वजनाला कितीतरी हलकी, चिलटासारखी घोंघावत मागे लागलेली. शेवटच्या वळणाआधी ती बरोबर पट्टीच्या आड आली. मला कुंपणावरून दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं. "आतून! ऑगी, आतून येतोय!" मी किंचाळले. एवढ्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? त्यानं बाहेरची बाजू अडवली. कोब्रा आतून घुसली आणि एका गाडीच्या अंतरानं जिंकली.

हार्कनेससाहेब कोब्रावाल्याशी हस्तांदोलन करत होते. जाता जाता त्यांनी ऑगीच्या खांद्यावर थाप मारली. "वेग चांगला आहे रे पोरा. पण जरा मागे बघायला शीक."

मी कुंपणावरून उडी मारली. स्कर्ट फाटला तो फाटलाच. तो गाडीला टेकून बसला होता, चेहरा काळवंडलेला, हेल्मेट मांडीवर.

"मूर्खा!" मी त्याच्यासमोर उभी राहिले. "कापली का नाहीस?"

त्यानं मान वर केली. "तूच म्हणालीस ना..."

"मी म्हणाले म्हणून? मी काय वाटेल ते म्हणते! हातातली जागा गेली तुझी! सोळाव्या वर्षापासून जे हवं होतं ते गेलं! मी कोण सांगणारी? मी रबर बसवते, बस्स!"

"शनिवारी काढायला गेलो होतो ते," तो म्हणाला. "करवतीच्या आधी रबर काढावं लागतं. निघेना. डेंटिस्टचं निघालं होतं, ते उन्हानं सुकलेलं. माझं कोपऱ्यात असं चपखल बसवलेलं... मी शिव्या घातल्या, कुठल्या गाढवानं बसवलंय म्हणून. मग आठवलं, कुणी ते."

"सुरीनं कापायचं की मग."

"सुरी आणली होती."

"मग?"

"मग... नाही कापलं." तो हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला. "तू यायची थांबलीस. त्या गाडीत तुझं तेवढंच होतं माझ्यापाशी."

मी त्याच्या दंडावर एक गुद्दा घातला, दुसरा घातला, आणि मग त्याच खांद्यावर डोकं ठेवून भोकाड पसरलं. त्याच्या अंगाला पेट्रोलचा आणि घामाचा वास येत होता. लोक बघत होते. बघू देत.

"अर्लीन," तो माझ्या केसांत पुटपुटला, "साहेब म्हणाले ते खरंय. मला मागचं दिसत नाही. शेजारी बसून मागे बघणारं कुणीतरी हवं. कायमचं."

मी ताडकन डोकं उचललं. "मी काय आरसा आहे?"

"आरसा ओरडत नाही," ऑगी म्हणाला. "मला ओरडणारं पाहिजे."

सप्टेंबरमध्ये आम्ही लग्न केलं. चाळीस वर्षं झाली. ज्यांनी पट्ट्या कापल्या ते आता त्याच पट्ट्या शोधत हिंडतात. घराच्या किमतीला गाडी मागायला येतात आणि म्हणतात, "नशीबवान आहात हो, तुमची राहिली!" नशीब? नशीब कसलं डोंबलाचं! एका माणसानं स्वतःची शर्यत घालवली तिच्यापायी. हे मी प्रत्येकाला दारातच ऐकवते, आणि मगच कॉफी विचारते.

रविवारी सकाळी तो गाडी मागे घेत गॅरेजबाहेर काढतो, मी शेजारी मान वळवून बसते. "डावीकडे! अरे डावीकडे, कचऱ्याचा डबा! हळू!" सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

त्या गाडीला मागच्या कोपऱ्यावर एकच तडा आहे. एकाहत्तर सालचा. त्या सकाळी आम्ही कडाकडा भांडलो होतो आणि मी गाडीत बसलेच नव्हते. त्यानं आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे तडे भरले, हा भरणं तर अर्ध्या तासाचं काम. कितीदा म्हटलं, भर तो एकदाचा, मला बघवत नाही.

तो भरत नाही. म्हणतो, "राहू दे. तू नसलीस की काय होतं, ते लक्षात राहतं."