नववी कानखुंटी

सकाळी सहाला रेवती टिपणीस निवाऱ्याबाहेर पडली ती छत्री न घेताच. घोटणवाडीच्या पावसात छत्रीचा उपयोग नसतो, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. इथला पाऊस वरून येण्याचे कष्ट घेत नव्हता. धुक्यात मिसळून बाजूने, खालून, मिळेल त्या वाटेने अंगात शिरत होता. तिने हौसामावशीने दिलेलं इरलं डोक्यावर घेतलं, हातात लाकडी हातोडी घेतली आणि ती चढाला लागली.

चढावर बारा कानखुंट्या होत्या. कंबरेइतक्या उंच, लोखंडी, मातीतून खाली खडकापर्यंत ठोकलेल्या. प्रत्येकीच्या पोटात एक तार होती आणि माती केसभर हलली तरी त्या तारेला ती ऐकू यायची. कानखुंटी हे नाव वाडीनं ठेवलेलं. सरकारी कागदावर तिचं नाव ‘भूस्पंदश्रवण स्तंभ’ असं होतं आणि एवढं नाव उच्चारेपर्यंत दरड खाली येऊन जाईल, असं चिंधू म्हणायचा. चिंधू धादवड हा हौसामावशीचा मुलगा. निवारा हे मायलेक चालवत.

रेवती प्रत्येक खुंटीवर तीन ठोके मारत पुढे जात होती. खाली निवाऱ्यातल्या पेटीला ते ऐकू गेले की खुंटी शाबूत आहे असं समजायचं. श्रमसुट्टीवर आलेल्या माणसाचं हे पहिलं काम. दुसरं काम चर मोकळे करण्याचं, तिसरं ढासळलेल्या बांधाचे दगड रचण्याचं आणि उरलेल्या वेळात चुलीपाशी बसून मावशीला भाजी निवडून देण्याचं. या बदल्यात पंधरा दिवस राहणं-जेवणं फुकट. शहरातली माणसं हौसेनं यायची, हाताला फोड आणून फोटो काढायची आणि ताजीतवानी होऊन परत जायची. पावसात मात्र सहसा कुणी येत नसे. या पंधरवड्यात रेवती एकटीच होती.

ती ठाण्याच्या एका शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळून मुदतीआधीच निवृत्त झाली होती. नवरा सतीश जाऊन दीड वर्ष झालं होतं. जिना चढताना सतीशला दम लागायचा. आधी तिसऱ्या मजल्यावर, मग दुसऱ्या, मग पहिल्या. प्रत्येक वेळी दोघं म्हणायची, वयानुसार व्हायचंच. तो गेला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून होतं? रेवतीला उत्तर देता आलं नव्हतं. तेव्हापासून घर तिला खायला उठायचं. म्हणून ती इथे आली होती.

नवव्या खुंटीपाशी ती थांबली. कान लावला. आत काहीतरी टकटकत होतं. पेन्सिलीनं बाकावर टकटक करावी, तितकंच हळू. तिनं घड्याळ लावून दहा मिनिटं मोजलं. त्रेचाळीस ठोके.

ती परतली तेव्हा पेटीवरचा पिवळा दिवा लागलेला होता आणि पडद्यावर नेहमीचा प्रश्न होता: ‘हे रोजचं आहे का?’

ही पेटी म्हणजे साऱ्या योजनेचं डोकं. मात्र डोंगराबद्दल तिला जन्मजात काहीच ठाऊक नव्हतं. ती ऐकत ऐकत शिकायची. जात्याची घरघर, शेळ्यांच्या टापा, पोरांची धावपळ, वानरांच्या उड्या, हे सगळं तिनं ऐकून ऐकून ‘रोजचं’ म्हणून जमेला धरलं होतं. नवं काही कानावर आलं की ती विचारायची. मग माणसानं पायी जाऊन पाहायचं आणि दोनांतलं एक बटण दाबायचं. ‘हो’ म्हटलं की पेटी ते लक्षात ठेवायची आणि तोच आवाज वाढल्याशिवाय पुन्हा विचारायची नाही. ‘नाही’ म्हटलं की भोंगा वाजायचा, तालुक्याच्या आपत्ती कक्षात निरोप जायचा आणि सूर्य मावळायच्या आत वाडीतली सातही घरं रिकामी करावी लागायची. बटण दाबण्याचा अधिकार श्रमसुट्टीवाल्याचा, कारण त्यानं दोन तासांचं प्रशिक्षण घेतलेलं असायचं. वाडीतल्या माणसांनी फक्त जन्म काढलेला.

तिसऱ्या दिवशीही नवव्या खुंटीनं असंच विचारलं होतं. तेव्हा रेवती चुलीपाशी गेली होती. “मावशी, नवव्या खुंटीत टकटक होतेय. असं होतं का?” मावशी शांतपणे म्हणाली होती, “व्हतंच असं, बाई. तुमी च्या घ्या.” आणि रेवतीनं चहा घेऊन ‘हो’ दाबलं होतं.

आज तिनं बटणाला हात लावला नाही. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं नोंदवही उघडली आणि तीन वर्षं मागे गेली.

पहिल्या वर्षी, कुणा डोंबिवलीच्या माणसाच्या गिचमिड अक्षरात: ‘खुंटी नऊ, बारीक आवाज, दहा मिनिटांत तीन ठोके. हौसाबाईंना विचारलं. नेहमीचंच आहे.’ पुढच्या माणसाचे तीन. त्याच्या पुढच्या बाईचे चार. कुणी लिहिलं होतं, ‘वरीलप्रमाणे’. कुणी त्या ओळीखाली हसरा चेहरा काढला होता. सहा, सहा, सात. मग अकरा. एकाच्या पंधरा दिवसांत फार तर दोन-चार ठोके वाढायचे आणि मग वही दुसऱ्याच्या हातात जायची. बावन्न माणसं, बावन्न सह्या. रेवतीच्या आईची एक म्हण होती, बारभाईंची शेती, काय लागेल हाती. इथे बारभाईंनी मिळून पेटीला शिकवलं होतं की डोंगर सरकणं ही रोजची गोष्ट आहे.

रेवतीनं वहीच्या शेवटच्या चौकटीच्या पानावर एकेक आकडा टिंबानं मांडला. शाळेत मुलांकडून असे शेकडो आलेख तिनं काढून घेतले होते. टिंबं जोडली तेव्हा रेघ आधी जमिनीलगत रांगत गेली होती आणि शेवटच्या चार बोटांत उभी राहिली होती. शेवटची दोन टिंबं तिची स्वतःची होती.

तिनं चिंधूला हाक मारली. “चिंधूभाऊ, तुमच्याकडे ओळंबा आहे ना? भिंतीला लावता तो?”

दोघं वर गेले. चिंधूनं खुंटीच्या टोकाशी दोरी धरली, शिशाचा लोळा खाली सोडला. लोळा थांबला तेव्हा तो खुंटीच्या बुडापासून चार बोटं पुढे होता, उताराकडे. रेवतीनं दोनदा मोजलं.

“ही वाकडी ठोकली होती का?”

चिंधूनं लोळा उचलून पुन्हा सोडला. “नाय,” तो म्हणाला. “हाच ओळंबा लावला व्हता. मीच धरली व्हती खुंटी. साहेबानं शाबासकी दिली, का सूत सरळ बसली म्हनून.”

“मग कधी वाकली?”

“रोज बघतो ना, बाई. रोज बघितल्यावं कसं कळंल?”

दोघं खाली उतरले. चुलीवर नाचणीची भाकर होती. मावशीला रेवतीनं सगळं सांगितलं, वही दाखवली, ती उभी राहिलेली रेघ दाखवली. मावशीला रेघेतलं काही कळायचं कारण नव्हतं, पण बोट कुठून कुठे गेलं ते तिनं नीट पाहिलं.

“मावशी, तीन वर्षं तुम्ही सगळ्यांना सांगत आलात की हे नेहमीचंच. कशावरून?”

“मी कुटं सांगत व्हते?” मावशी म्हणाली. “पाव्हनं येऊन इचारायचं. त्वांडावं भ्या असायचं. भ्याल्याल्या मानसाच्या घशाखाली घास उतरत नाय. म्हनून म्हनायचं, व्हतंच असं. पाव्हन्याला उपाशी ठिवू का?”

“पण तुम्हाला आतून काय वाटायचं?”

“मला वाटून काय व्हतंय? पेटी तुमच्या ताब्यात. तुमी बटन दाबलं का आमी म्हनायचो, शिकल्याल्या मानसानं बघितलं, आता घोर नाय.”

रेवती चुलीजवळच्या पाटावर बसली. बावन्न पाहुण्यांनी मावशीच्या शब्दावर बटण दाबलं होतं आणि मावशीनं बावन्न वेळा त्या बटणावर विश्वास टाकून झोप घेतली होती. यात लबाड कुणीच नव्हतं. तिला राग करायला माणूस सापडेना, आणि म्हणून तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

“मी ‘नाही’चं बटण दाबणार आहे,” ती म्हणाली.

चिंधू दारात उभा होता. “बाई, भाताची आवनी कालच उरकली. रोपानं अजून मान धरली नाय. आता खाली गेलो तर खाचरात बघनार कोन? पल्याडची वाडी चार वरसांमागं खाली नेली. पावसापुरतं म्हनून. अजून पत्र्यातच हायेत. खाली नेल्यालं मानूस वर येत नाय.”

“आणि रात्रीत काही झालं तर?”

“चारच दिस ऱ्हायलं तुमचं. पुढचा येईल, तो बघंल.”

त्यानं हे वाईट मनानं म्हटलं नव्हतं. रेवतीलाही क्षणभर ते बरं वाटलं, हे तिनं पुढे कुणालाच सांगितलं नाही. चार दिवसांनी ती ठाण्याला असती. वहीत ‘वरीलप्रमाणे’ लिहायला कितीसा वेळ लागतो?

“प्रत्येकानं हेच केलंय, चिंधूभाऊ,” ती म्हणाली.

मावशीनं तव्यावरची भाकर उलटली. “बाई, डोंगर पडंल का?”

“माहीत नाही.”

“कवा पडंल?”

“तेही नाही.”

“मंग काय म्हाईत हाये तुमाला?”

“खुंटी सरळ होती. आता नाही. एवढंच माहीत आहे, मावशी.”

मावशीनं मान हलवली. भाकर निखाऱ्याला टेकवली, फुगू दिली, दोन्ही अंगांनी भाजली आणि रेवतीच्या ताटात वाढली. मग म्हणाली, “भाकर खाऊन दाबा. एकदा भोंगा वाजला का चूल इझवावी लागंल.”

तिघांनी जेवून घेतलं. ताटं मावशीनं घासून पालथी घातली. मग रेवतीनं पेटीपाशी जाऊन ‘नाही’ दाबलं.

संध्याकाळपर्यंत घोटणवाडी रिकामी झाली. धुक्यातून एकेक गाठोडं, एकेक शेळी, पाठीवर घेतलेली एकेक म्हातारी खाली गेली. मावशी सगळ्यांच्या शेवटी निघाली. तिनं चुलीवर पाणी शिंपडलं आणि राख सारवल्यासारखी हातानं सारखी केली. रेवती तिचं गाठोडं उचलायला पुढे झाली, पण मावशीनं ते दिलं नाही.

त्या वर्षी पाऊस दणकून झाला. रेवती ठाण्यात रोज सकाळी बातम्या लावायची आणि घोटणवाडीचं नाव आलं नाही की सुस्कारा टाकायची. मग त्या सुस्काऱ्याची तिला लाज वाटायची, कारण दरड पडली असती तर ती बरोबर ठरली असती, आणि तसं व्हावं असं मनाच्या एका कोपऱ्यात तिला वाटत होतं.

कार्तिकात आपत्ती कक्षातून तिला फोन आला. योजना तिथली बंद करायची आहे, पेटी पावसापासून बंदच आहे. ती सुरू करून शेवटच्या नोंदी घेऊन द्याल का? जेवणाची सोय मात्र नाही, असंही त्या माणसानं सांगितलं.

वाटेत ती पायथ्याच्या पत्र्याच्या शेडपाशी थांबली. मावशी आतल्या बाजूला भिंतीकडे तोंड करून पडली होती. “झोपतेच आताशा,” चिंधू म्हणाला. “चूल नाय ना. ग्यासवं भाकर फुगत नाय म्हनती.” त्यानं रेवतीला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती विचारायला घाबरत होती ते त्यानंच सांगून टाकलं. “डोंगर हाये तिथंच हाये, बाई. आमीच सरकलो.”

रेवती एकटीच वर गेली. आकाश स्वच्छ होतं. खाचरांत भात कुणी न कापता आडवं पडलं होतं. निवाऱ्याच्या अंगणात गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. तिनं पेटी सुरू केली, ओळंबा घेतला आणि नववी खुंटी गाठली. लोळा थांबला. पाच बोटं. एवढ्या मोठ्या पावसात एक बोट वाढलं होतं. पडायला किती बोटं लागतात, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. कान लावला तर आत टकटक नव्हती.

ती खाली आली तेव्हा पिवळा दिवा लागलेला होता. पडद्यावर एका खुंटीचा नव्हे, बाराही खुंट्यांचा आकडा होता. ती पुन्हा वर धावली, एकेका खुंटीला कान लावत फिरली. कुठेच काही नव्हतं. माती गप्प होती, वारासुद्धा पडलेला होता.

परत येऊन ती पेटीपुढे उभी राहिली आणि तेव्हा कुठे तिला कळलं. पेटीला काही नवं ऐकू आलेलं नव्हतं. जातं ऐकू येत नव्हतं. शेळ्यांच्या टापा, पोरांची धावपळ, पहाटे सरपण फोडणाऱ्या मावशीची कुऱ्हाड, तीन वर्षं पेटीनं जे जे रोजचं म्हणून जपलं होतं त्यातलं काहीच तिला सापडत नव्हतं. इथे वाडी नांदत होती, ही गोष्ट आख्ख्या डोंगरावर ध्यानात ठेवणारी तेवढी एकटी पेटी उरली होती.

‘हो’ म्हटलं तर ती ही शांतताही शिकून घेणार होती आणि पुन्हा कधी विचारणार नव्हती. ‘नाही’ म्हटलं तर भोंगा वाजणार होता, आणि तो ऐकून घर सोडायला कुणी उरलं नव्हतं.

रेवतीनं बोट उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. पडद्यावरची अक्षरं तिच्या उत्तराची वाट बघत होती:

‘हे रोजचं आहे का?’