हजेरी न देणारा दिवा

विक्रोळीला हायवेलगत माझं गॅरेज आहे, डिझेल गाड्यांचं. लोक येतात, आत डोकावतात आणि मलाच विचारतात, "मालक कुठायत?" मालक भिंतीवर आहेत, फोटोत. सहा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या, नानाच्या, छातीत कळ आली आणि तो हातातला पाना न सोडता गेला. मी चौथी शिकलेली. पण इंजिन मला त्याने शिकवलं, आणि मारकुट्या मास्तरापेक्षा बरं शिकवलं.

गार्गी आली तेव्हा मी चहा पीत होते. विशी-पंचविशीची पोरगी, चौदा वर्षांची जुनी गाडी, नुकतीच एका दलालाकडून घेतलेली.

"जयाताई, इंजिनचा पिवळा दिवा लागतो. म्हणजे कधी लागतो, कधी नाही."

"तीन ठिकाणी दाखवून झालं असेल?"

"चार."

चौघांनीही स्कॅनर जोडला होता. बिघाड झाला की गाडी तो आपल्या डोक्यात ठेवते आणि हे मशीन तो वाचतं. वाचायला काही सापडलंच नाही. मग चौघांनी गाडी फिरवून आणली. दिवा लागला नाही. चौथा तर म्हणाला, मॅडम, डोळे तपासून घ्या.

"माझे डोळे ठीक आहेत," गार्गी म्हणाली. "बाबांना आठवड्यातून तीनदा जोगेश्वरीला डायलिसिसला नेते. टॅक्सीत ते बसू शकत नाहीत, मागे पाय पसरून झोपवावं लागतं. भर रस्त्यात काही झालं तर त्यांना स्वतःहून दारसुद्धा उघडता येत नाही."

मी तिला घरी पाठवलं. सांगितलं, दिवा लागला की लिहून ठेव. कुठे, किती वाजता, गाडीत कोण होतं.

दहा दिवसांनी ती कागद घेऊन आली. नऊ वेळा लागला होता. चढावर, उतारावर, सिग्नलला उभी असतानाही. जागा एक नाही, वेळ एक नाही. पण नऊच्या नऊ वेळा एक गोष्ट तीच. बाबा गाडीत. ती एकटी असताना एकदाही नाही.

"चार शहाण्यांनी पेशंटला घरी ठेवून रोग शोधला," मी म्हटलं. "आज बाबांना आणायला मीही येते."

गार्गीचे बाबा, शरच्चंद्रकाका, म्हणजे हाडांचा सापळा, पण जीभ शाबूत. विमा कंपनीतून रिटायर झालेला माणूस. मला बघून म्हणाले, "अहो, माझं मॉडेल तर गाडीपेक्षा जुनं. आधी माझं बॉनेट उघडा." गार्गीने त्यांना मागे झोपवलं, पाय पसरून. मी पुढे तिच्या शेजारी बसले. दुपारचे साडेतीन, डोक्यावर ऊन, काचा बंद, एसी चालू. गाडीभर हॉस्पिटलच्या स्पिरिटचा वास.

लिंक रोडने पवईपर्यंत काही झालं नाही. मी दिव्यावरून नजर हलवली नव्हती. तळ्याच्या अलीकडे तो लागला.

पिवळा, बारीक. लुकलुकला नाही, थरथरला नाही. कोणीतरी शांतपणे बटण दाबावं तसा लागला.

आणि स्पिरिटचा वास गेला. त्या जागी दुसरा वास आला... रॉकेलचा. आणि रॉकेलवर लिंबाचा.

नाना काम संपलं की रॉकेलने हात धुवायचा आणि मग लिंबाची फोड चोळायचा. दुसऱ्या कोणा मिस्त्रीला तसं करताना मी पाहिलेलं नाही.

"काका," मी मागे न बघता विचारलं, "वास येतोय तुम्हाला?"

"येतो की. दर वेळी येतो." मग आवाज खाली गेला. "ते बसले की येतो."

"कोण... ते?"

"मला वाटलं, डायलिसिसनंतर असं होत असेल. म्हणून पोरीला बोललो नाही."

"बाबा, गप्प बसा ना," गार्गी म्हणाली.

"काही बोलतात का काका... ते?"

"एकच शब्द. उतरा."

मी वळून बघितलं. ज्या माणसाला पाय पसरल्याशिवाय बसवत नाही, तो गुडघे पोटाशी घेऊन एका कोपऱ्यात बसला होता. शेजारी एका माणसाची जागा सोडून. सीटच्या त्या रिकाम्या जागेला खळगा पडला होता, जड माणूस बसल्यावर पडतो तसा. माझ्या देखत तो खळगा हळूहळू वर आला.

"गाडी बाजूला घे," मी म्हटलं. "आत्ता. इंजिन बंद."

काकांना दोघींनी धरून उतरवलं. रिक्षा थांबवली, मागच्या सीटवर त्यांना गार्गीच्या मांडीवर आडवं केलं आणि घरी धाडलं. मग मी एकटी गाडीत बसले. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण आपली विद्या आपल्याला उभं करते.

चावी इंजिन चालू व्हायच्या आधीच्या खटक्यापर्यंत फिरवली. त्या खटक्यावर गाडीतले सगळे दिवे क्षणभर लागतात. ऑइल, बॅटरी, ब्रेक, इंजिन. मास्तरांनी नाव घ्यावं आणि पोरांनी हजर म्हणावं तसे. सगळे लागले. इंजिनचा लागला नाही.

पुन्हा फिरवली. पुन्हा. बाकी सगळे हजर. तो गैरहजर.

चार मिस्त्री आणि गाडीची मालकीण, सगळे दिवा कधी लागतो ते बघत बसले. लागायला हवा तेव्हा लागतो का, हे कोणी बघितलंच नव्हतं. तो दिवा लागूच शकत नव्हता. तो मेलेला होता.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून गॅरेजला आणली. डॅशबोर्ड खोलला. मीटरच्या मागे दिव्याची वायर कापलेली होती. टोकाला काळी टेप आणि टेपवर लाल दोरा, तीन गाठींचा. माझं मंगळसूत्र तुटलं होतं तेव्हा अशाच तीन गाठी मारून नानाने मला ओवून दिलं होतं.

नाना होता तेव्हा गॅरेजवर दलाल यायचे. दिवा लागलेली गाडी विकली जात नाही. बिघाड शोधायला दोन दिवस, वायर कापायला दोन मिनिटं. नाना कापायचा. ही गाडी तेव्हाही एकदा विकली गेली असणार. आणि मला माहीत होतं. दलालांना चहा मीच करून द्यायचे.

बॉनेट उघडलं. इंजिनच्या पाठीमागे, जिथे हात जात नाही तिथे, डिझेलची नळी चिरली होती. थेंब थेंब गळत होती, तापणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपापासून बोटभर अंतरावर. स्कॅनरला याची गंधवार्ता नव्हती. आज उद्या पेट घेतलाच असता. गार्गी दार उघडून पळाली असती. मागे झोपलेला माणूस पळाला नसता.

मी गार्गीला फोन लावला. "दिव्याची वायर माझ्या नवऱ्याने कापलेली आहे."

तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"गाडी नीट करून द्या, ताई. आणि बाकीच्यांना सांगा."

"कुठल्या बाकीच्यांना?"

"ज्यांच्या कापल्या त्यांना."

फोन कट झाला. कोणाला सांगू? नाना काही लिहून ठेवत नसे. गाड्या मुलुंडला गेल्या, बोरिवलीला गेल्या, कुठे कुठे गेल्या. म्हणून हे लिहितेय. जुनी डिझेल गाडी घेतली असेल तर उद्या सकाळी चावी फिरवा आणि हजेरी घ्या. एखादा दिवा गैरहजर असेल तर गाडीत म्हाताऱ्या माणसाला बसवू नका. पोराला तर नकोच नको.

त्या संध्याकाळी नळी बदलली. वायर जोडायला मीटर अख्खं बाहेर काढून टेबलावर ठेवलं, नानाच्या फोटोखाली. बॅटरी लांब, सगळ्या तारा सुट्या. हायवेवर गाड्यांची रांग लागली होती, तिचा आवाज शटरमधून आत येत होता. आणि मग रॉकेलचा वास आला. त्यावर लिंबू.

मी फोटोकडे बघितलं नाही. मीटरकडे बघितलं.

"अहो..." मी विचारलं. "किती गाड्या?"

पिवळा दिवा लागला. विझला. एक.

लागला. विझला. दोन.

मी मोजत गेले. वीस झाले, चाळीस झाले. मी दिव्यावर फडकं टाकलं, तर फडक्याच्या आतून दिसत राहिला.

शंभरानंतर मी मोजायचं सोडलं. त्याने सोडलं नाही.